लॉब आला की वळा

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय, ‘पिकलबॉलमधल्या दुखापती आणि त्या कशा टाळाव्यात’. घोटा, पोटरी, कोपर, डोळे, सगळ्यावर बोलायचंय. पण सुरुवात लॉबपासून, म्हणजे डोक्यावरून उंच मागे टाकलेल्या शॉटपासून करते. फिजिओथेरपिस्ट म्हणून माझा सगळ्यात जास्त राग त्यावर आहे. म्हणजे शॉटवर नाही, तो डोक्यावरून गेल्यावर आपण जे करतो त्यावर.

आधी बॅडमिंटन खेळलेले किती जण आहेत? हात वर करा बरं. बघा, निम्मं सभागृह! साहजिक आहे. 1965 मध्ये अमेरिकेतल्या बेनब्रिज बेटावर हा पॅडल आणि प्लॅस्टिकच्या बॉलचा खेळ जन्मला तोच एका जुन्या बॅडमिंटन कोर्टवर. माप आजही तेच, 44 बाय 20 फूट. म्हणून तर आपल्या सोसायट्यांमध्ये त्याच कोर्टवर टेप चिकटवून खेळ सुरू होतो. कोर्टाबरोबर जुनी सवयही येते. बॅडमिंटनमध्ये शटल टेकलं की पॉइंट गेला, म्हणून आपण वर बघत उलट्या पावलांनी मागे पळतो. पिकलबॉलमध्ये लॉबला एक टप्पा पडू देता येतो. नियमानेच दिलेली सवलत आहे, पन्नाशीनंतर तरी ती घ्यायलाच हवी.

एका सोसायटीच्या स्पर्धेत मी प्रेक्षकांत होते. महिला डबल्सचा सामना, नऊ-दहा असा स्कोअर. साठीच्या एक काकू, उमेदीत उत्तम बॅडमिंटन खेळलेल्या. लॉब आला, काकू ओरडल्या ‘माझा!’ आणि वर बघत मागे निघाल्या. तिसऱ्या पावलाला टाच अडकली आणि पडताना हात आपोआप मागे टेकला. मी पोहोचले तेव्हा मनगटाला आलेला बाक लांबूनही दिसत होता. आणि काकूंचा पहिला प्रश्न, ‘बॉल आत होता का गं?’ (हशा) हसा, नंतर त्याही हसल्या. मी आधी त्यांच्या बांगड्या आणि अंगठी काढून घेतली. हे लक्षात ठेवा, सूज चढली की अंगठी निघत नाही, कापावी लागते. मग स्प्लिंट मागितलं, तर नाही. बर्फ? तोही नाही. टी-शर्ट होते, मेडल होती, लाऊडस्पीकर होता, अल्पोपाहार होता. शेवटी वर्तमानपत्रांची जाड घडी हाताखाली धरली, एका मुलीच्या ओढणीने बांधली आणि काकूंना रिक्षात बसवलं. मला आजही याचं वाईट वाटतं. स्पर्धा भरवणाऱ्यांनो, ट्रॉफीच्या आधी प्रथमोपचाराची पेटी आणा!

आता हे घडतं कसं ते बघा. उलटं पळताना शरीराचा भार टाचांच्या मागे जातो, मान वर असते, पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. तोल गेला की सावरायला मागे पाऊलच उरत नाही. सगळं वजन मनगटावर येतं, नाहीतर खुब्यावर, नाहीतर डोक्यावर. रजोनिवृत्तीनंतर बायकांची हाडं विरळ होतात, त्यामुळे तेवढा मार मोडायला पुरतो. क्लासमध्ये सर्व्ह शिकवतात, डिंक, थर्ड शॉट ड्रॉप असे जाळीजवळ टाकायचे हलके फटके शिकवतात. मागे कसं जायचं, हे पहिल्या दिवशी कुणी शिकवत नाही. माझं म्हणणं आहे, तेच आधी शिकवा.

लॉब उजवीकडून गेला तर उजवा पाय मागे टाका, कंबर वळवा आणि खांद्यावरून बॉलकडे बघत सरळ धावा. टप्पा पडू द्या, मग मारा. डबल्समध्ये बऱ्याचदा जोडीदाराला तो तिरका धावून सोपा पडतो. त्याने ‘माझा’ म्हटलं की तुम्ही बाजू बदला. आणि पोहोचत नसाल तर सोडा हो! एक पॉइंटच जाईल.

संयोजक घड्याळ दाखवताहेत, तेव्हा बाकीचं भराभर सांगते. मॉर्निंग वॉकचे बूट घालून कोर्टवर येऊ नका. ते पुढे चालण्यासाठी असतात. बाजूला झेप घेतली की उंच, मऊ सोलवरून घोटा मुरगळतो. कोर्ट शूज घ्या. कोर्ट ओलं असेल तर खेळू नका. शेजारच्या कोर्टवरचा बॉल आत आला की ‘बॉल!’ ओरडा आणि रॅली थांबवा.

खेळण्याआधी आठ-दहा मिनिटं भरभर चाला, बाजूला पावलं टाका, टाचा उचला. पोटरी थंड असताना किचनकडे, म्हणजे जाळीलगतच्या पट्ट्याकडे, झेप घेतली की कुणीतरी मागून लाथ मारल्यासारखं वाटतं. तिथेच थांबा, ‘एक गेम संपवतो’ नको. टाचेच्या वर फट्ट आवाज आला आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. कोपरासाठी पॅडल सैलसर धरा, आणि नवा उत्साह आहे म्हणून रोज दोन-दोन तास खेळू नका, मध्ये एक दिवस सोडा.

शेवटचा मुद्दा डोळ्यांचा. किचन जाळीच्या दोन्ही बाजूंना सात-सात फुटांचं, म्हणजे दोन्ही रेषांवरचे खेळाडू जेमतेम 14 फुटांवर. तिथून आलेल्या स्मॅशला पापणी मिटायलाही वेळ मिळत नाही. पॉलिकार्बोनेटचा खेळाचा चष्मा वापरा, वाचायच्या चष्म्यावर भागवू नका. बॉल लागल्यावर डोळ्यासमोर नवे ठिपके तरंगू लागले, प्रकाश चमकला किंवा एका बाजूने अंधारून आलं, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. दुखत नाही म्हणून थांबू नका. डोळ्यातला पडदा सुटताना दुखत नाही.