यंत्रानं मोजलेली झोप कितपत खरी?

नमस्कार श्रोतेहो.

स्लीप स्टडीत मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल आणि हनुवटीच्या स्नायूंचा ताण रात्रभर नोंदवतात. मग त्या नोंदीचे 30 सेकंदांचे तुकडे पाडतात; आठ तासांचे 960. प्रत्येक तुकडा जाग, एन-वन म्हणजे अगदी हलकी झोप, एन-टू म्हणजे मधली, एन-थ्री म्हणजे गाढ, की रेम म्हणजे डोळे भिरभिरणारी, स्वप्नांची झोप, हे ठरवायचं. सॉफ्टवेअर हे काम काही मिनिटांत करतं.

त्याच्या माहितीपत्रकात ‘अचूकता 85 टक्के’ असं दिसलं, तर आधी विचारा: कशाशी ताडून? माणसाच्या वाचनाशीच. आणि एकच नोंद वाचणाऱ्या दोन अनुभवी तंत्रज्ञांचंही साधारण 80 ते 85 टक्केच जुळतं. दुसरं असं, की रात्रीचा जवळपास अर्धा भाग एन-टूचाच असतो. सरसकट सगळं एन-टू म्हणणारा प्रोग्रामही अर्ध्याच्या जवळ पोचेल! म्हणून प्रत्येक टप्प्याचा आकडा वेगळा मागा. एन-वनचा बहुधा सगळ्यात कमी निघतो.

एन-थ्री ठरायला 75 मायक्रोव्होल्टपेक्षा उंच, संथ लहरी तुकड्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे 6 सेकंद, दिसाव्या लागतात. वय वाढलं की या लहरींची उंची घटते, आणि गाढ झोप कागदावरून गायब होते. उलट कपाळाला घाम आला, लहरी टिपणारा, त्वचेवर चिकटवलेला इलेक्ट्रोड सैल झाला, की खोट्या संथ लहरी उमटतात आणि यंत्र त्यांनाच गाढ झोप समजतं. म्हणून इलेक्ट्रोडचा रोध 5 किलोओमच्या आत आहे ना, हे रात्री आणि सकाळी, दोन्ही वेळा बघावं. रेममध्ये स्नायू सैल पडायला हवेत; ज्यांचे पडत नाहीत, त्यांचं रेम यंत्र जाग म्हणून मोजू शकतं.

मनगटावरच्या घड्याळाला मेंदूच्या लहरी दिसतच नाहीत. निपचित जागं पडलेला माणूस त्याच्या लेखी बरेचदा झोपलेलाच.

हा फरक निदानापर्यंत पोचतो. रात्रीत श्वास 32 वेळा अडला आणि खरी झोप 6 तासांची असेल, तर ताशी प्रमाण 5.3. यंत्रानं जागेपणीचा एक तास झोपेत धरला, की तेच 4.6. झोपेत श्वास अडण्याच्या आजाराची, म्हणजे स्लीप अ‍ॅप्नियाची, सीमारेषा 5 ची. तेव्हा तंत्रज्ञानं झोपेची सुरुवात, पहिलं रेम आणि श्वास अडल्यानंतर येणारी जाग हे तुकडे तरी स्वतः वाचायलाच हवेत.