जीपचं स्टेअरिंग: एका सालाचा बॉक्स, दुसऱ्या सालाचा दांडा

(बेळगाव, उद्यमबागेतली गल्ली, लेथचा आवाज, मग कॅमेरा थेट जीपच्या पोटाखाली)

हे जे खाली लोंबतंय ना, त्याला आपल्याकडं मेकॅनिक लोक ड्रॉप आर्म म्हणतात. स्टेअरिंग बॉक्समधनं जो शाफ्ट बाहेर येतो त्यावर हा बसतो, वर तुम्ही व्हील फिरवलं की हा पुढं-मागं होतो आणि तिथनं पुढं सगळं चाकांपर्यंत जातं. आता नीट बघा. आपले मेकॅनिक मामा आर्म हातानं हलवतायत आणि शाफ्ट बुशामध्ये, म्हणजे तो ज्या धातूच्या नळकांड्यात फिरतो त्यात, चक्क वर-खाली होतोय, चाक मात्र जागचं हललेलं नाही. म्हणजे वर ड्रायव्हर घाम गाळतोय आणि खाली नुसता खडखडाट.

गाडी युद्धाच्या वेळची आहे, विलीस एमबी. १९४१ ते १९४५ या काळात विलीस आणि फोर्ड दोघांनी मिळून या नमुन्याच्या सहा लाखांवर जीपा बनवल्या, युद्ध संपल्यावर जगभर त्या लिलावात निघाल्या आणि आपल्याकडं त्यांना डिस्पोजलची जीप हेच नाव पडलं. त्यानंतर महिंद्रानं मुंबईत जीपा जोडायला सुरुवात केली, आणि मग आली ती उंच बॉनेटवाली सीजे-३बी, अमेरिकेत १९५३ ला निघालेली. निपाणी, चिक्कोडी, खानापूर भागात आज जी म्हातारी जीप दिसते ती बहुतेक ही उंच बॉनेटवालीच. मळ्यावर, उसाच्या फडात, इलेक्शनला माईक बांधून, सगळीकडं हीच.

ह्या गाडीचे मालक निपाणीकडचे, तंबाखूचा व्यापार, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. अण्णांचं म्हणणं अगदी सोपं होतं, जीप म्हणजे जीप, ह्या सालाचं काढायचं आणि त्या सालाचं बसवायचं, त्यात काय एवढं.

आणि खरं सांगायचं तर निम्मं बरोबर आहे त्यांचं. एमबीमध्ये आणि सीजे-३बीमध्ये स्टेअरिंगची जात एकच, रॉस कंपनीचा कॅम आणि लिव्हर. इंजिन पण एकाच खानदानातलं, २.२ लिटर. बोल्टची भोकं बऱ्याच ठिकाणी जुळतात, आणि घोटाळा नेमका तिथंच होतो, कारण बोल्ट गेला की माणसाला वाटतं काम झालं.

(टेबलावर दोन बॉक्स उघडून ठेवलेत, शेजारी माप घ्यायचा व्हर्निअर)

डावीकडचा जुना, उजवीकडचा अण्णांनी कोल्हापूरच्या भंगारातनं आणलेला सीजेचा. आत काय असतं ते एकदा बघून घ्या म्हणजे पुढचं डोक्यात शिरेल. लांब नळीच्या टोकाला हा वर्म, म्हणजेच तो कॅम, त्याला स्क्रूसारखी खोल खाच. त्या खाचेत लिव्हरच्या पिना बसतात, एमबीमध्ये दोन पिना. व्हील फिरलं की खाच पिनांना पुढं-मागं ढकलते, लिव्हर फिरतो, लिव्हरचा शाफ्ट फिरतो, आणि त्याच्यावर आपला ड्रॉप आर्म. बास. यात ना कुठला पंप ना हायड्रॉलिक.

पण हुशारी बघा. ही खाच सगळीकडं सारखी नाही. गाडी सरळ चालताना पिना जिथं असतात त्या मधल्या भागात खाच मुद्दाम थोडी घट्ट ठेवलेली आहे, म्हणजे सरळ रस्त्यावर प्ले, म्हणजे सैलपणा, नको, आणि कडेला थोडी सैल. रेशो पण बदलता आहे, कडेला १४ ला १, म्हणजे व्हील १४ अंश फिरलं की आर्म १ अंश, आणि मध्ये १२ ला १. आता गाडी आयुष्यातला बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळं झीज पण मधेच होते. मग लोक काय करतात, बाजूच्या कव्हरवरचा स्क्रू आवळतात. सैल लागतंय, आवळा. परत सैल, परत आवळा. चाकं वळवून ठेवलेली असताना आवळला तर गाडी सरळ करताना मधे अडकते, मग व्हीलच परत येत नाही. हा स्क्रू लावायचा तो चाकं सरळ ठेवून, बॉक्स मध्यावर ठेवून, एवढं साधं आहे पण रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये कोण थांबतंय तेवढं.

आणि अजून एक, नळी आणि वर्म हे एकच पार्ट आहे. नुसता वर्म बदलू म्हटलं तर जमत नाही, अख्खी नळी बदलावी लागते, आणि नळीची लांबी जुळली नाही तर व्हील एकतर छातीला लागतं नाहीतर डॅशबोर्डला चिकटतं. हॉर्नची वायर पण ह्याच नळीतनं खाली जाते आणि बॉक्सच्या बुडातनं बाहेर येते. तिच्यावर नंतर येतो.

मामांनी दोन्ही शाफ्ट शेजारी ठेवले. व्हर्निअर लावायची गरजच नाही, नजरेला कळतं एक जाड आहे एक बारीक. म्हणजे झालं काय, जुन्या बॉक्सचा आर्म नव्या शाफ्टवर जात नाही आणि नव्याचा जुन्यावर ठोकून घालता येतो पण बसत नाही. कुणीतरी आधी हाच उद्योग केलेला दिसतोय, शाफ्टवर पत्र्याची पट्टी गुंडाळून वर आर्म ठोकलेला होता. पत्र्याची पट्टी! स्टेअरिंगला! मामा ती पट्टी चिमटीत धरून बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, "आधी मोजा की ओ, मग पैसे द्या. सगळे उलटं करूलालेत."

(जीपचा पुढचा भाग, बंपर काढलेला)

आता ह्या गाडीचं दुसरं दुखणं. एमबी जेवढ्या बनल्या तेवढ्या सगळ्या डाव्या हाताच्या, लेफ्ट हँड ड्राइव्ह. ही कधीतरी कुणीतरी उजवीकडं केलीय. चासीच्या उजव्या दांड्यावर ब्रॅकेट वेल्ड केलंय ते इथं दिसतंय, आणि वेल्डिंग असं की जणू मुरंब्याची बरणी सांडलीय. खरं म्हणजे ह्याची काहीच गरज नव्हती. मोटार वाहन कायद्याचं कलम १२० आहे, त्यात डाव्या हाताची गाडी चालवायला बंदी नाही, फक्त सिग्नलचं यंत्र पाहिजे आणि ते चालू पाहिजे, मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल. माझं मत विचाराल तर तशीच ठेवायला पाहिजे होती. पण झालं ते झालं, अण्णांना आता परत डावीकडं करायची नाही, त्यांना उजवीकडंच पण नीट पाहिजे.

उजवी-डावी करताना नेमकं काय फसतं ते सांगतो. तीन गोष्टी आहेत. वर्मची खाच कुठल्या दिशेनं फिरते, ड्रॉप आर्म पुढं जाणार का मागं, आणि त्याच्यापुढं हा जो बेलक्रँक आहे त्याची कुठली बाजू कुठं. बेलक्रँक म्हणजे पुढच्या क्रॉस मेंबरवर खिळीत फिरणारा हा कोन, ड्रॉप आर्मपासून येणारा दांडा, म्हणजे ड्रॅग लिंक, ह्याला मागनं पुढं ढकलते आणि हा ते ढकलणं आडवं करून चाकांकडं जाणाऱ्या दोन दांड्यांना, टाय रॉडना, देतो. ह्या तिन्हीपैकी एक उलटं झालं की व्हील उजवीकडं आणि गाडी डावीकडं. दोन उलटी झाली तर परत सुलट, म्हणून कधी कधी चुकीचे पार्ट घालून पण गाडी बरोबर वळते आणि बसवणाऱ्याला वाटतं आपल्याला सगळं कळतं. मग पुढचा माणूस त्यातला एकच पार्ट "ओरिजिनल" आणून घालतो, आणि मग कंपाउंडमधनं बाहेर काढताना भिंत.

तर मामांचा निर्णय असा, की मिसळ करायची नाही. बॉक्स, नळी, ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक, बेलक्रँक, सगळा सेट एकाच उजव्या हाताच्या सीजे-३बीचा. टाय रॉडपासून पुढं चाकाकडचं जुनंच राहील, कारण तिथं तपासून बघितलं, जुळतंय. मला पण हेच पटतं. दोन सालांची गाठ कुठंतरी मारावीच लागते, पण ती एकाच ठिकाणी असावी आणि ती कुठं आहे हे माहीत असावं.

पार्ट शोधायला लोक लांब जातात, दिल्लीच्या मायापुरीला, बेंगळूरच्या जे.सी. रोडला, हरियाणात डबवालीला. आणावेत, पण शाफ्ट आणायला गेलेला माणूस बुश पण तिथनंच आणतो आणि ते कधी धड बसत नाही. अहो, बेळगावात बसून बुश बाहेरनं कशाला. हे गाव फाउंड्री आणि मशीन शॉपचं, उद्यमबाग, मच्छे, हाकेच्या अंतरावर पाहिजे तेवढे टर्नर. गनमेटलचा तुकडा घेतला, बॉक्समध्ये बुश आधी प्रेस केला आणि मग शाफ्टच्या मापानं आतलं भोक नेमकं करायला रीमर मारला. हा क्रम महत्त्वाचा, कारण बुश दाबून बसवला की आतनं थोडा आवळतो. टर्नर कानडी, मामा मराठी, मधे सगळं "हौद्रि" आणि "होय की" एकत्रच चाललेलं, आणि माप मात्र दोघांचं हजाराव्या इंचात.

एक गोष्ट मात्र मामा कुणाचीच ऐकत नाहीत. ड्रॉप आर्म किंवा ड्रॅग लिंक तापवून वाकवायची नाही, वेल्ड करायची नाही, कितीही थोडं असलं तरी. अण्णांनी विचारून बघितलं. उत्तर, "मग गाडी दुसरीकडं न्या."

(पुढचं चाक काढलेलं, हब उघडा)

आता हा शॉट जरा लांब ठेवलाय, कारण सगळ्यात जास्त चुकतं ते इथं. जीप चाळीसच्या स्पीडला थरथरायला लागली की लोक स्टेअरिंग बॉक्सला शिव्या देतात. बॉक्स बिचारा बऱ्याचदा निर्दोष असतो, दोष किंगपिनच्या, म्हणजे पुढचं चाक डावी-उजवीकडं वळतं त्या खिळीच्या, बेअरिंगचा. बेअरिंगच्या वरच्या-खालच्या टोप्यांखाली शिम, म्हणजे पत्र्याच्या पातळ चकत्या, असतात, त्या कमी-जास्त करून बेअरिंगवर दाब ठेवायचा असतो, आणि तो दाब अंदाजानं ठेवत नाहीत. टाय रॉड सोडवलेली, ऑइल सील अजून घातलेलं नाही. मामांनी स्टेअरिंग आर्मच्या भोकात स्प्रिंगचा काटा अडकवला, तोच, बाजारात वजनाला वापरतात तसला, आणि हळूहळू ओढला. जीपच्या मॅन्युअलमध्ये ४ ते ६ पौंड आहे, म्हणजे साधारण पावणेदोन ते पावणेतीन किलो. काटा एक किलोच्या आसपास आला आणि चाकाचा नकल, म्हणजे किंगपिनवर वळणारा तो भाग, सरकला. म्हणजे सैल. टोपी खोलली, एक शिम काढली, परत बोल्ट आवळले, परत काटा. आता दोनच्या पुढं. चेहऱ्यावर काही नाही, नुसती मान हलवली आणि दुसऱ्या बाजूला गेले.

बेलक्रँकच्या आत सुईसारख्या रोलरची बेअरिंग असतात, तिथं ग्रीस लागतं. बॉक्सला मात्र ग्रीस नको, गिअर ऑइल पाहिजे, दाट. ग्रीस भरलं की वर्म त्यात आपली वाट करून घेतो आणि मग त्या वाटेत कोरडाच फिरत बसतो. ऑइल गळतं म्हणून ग्रीस भरतात लोक, मग सील बदला ना.

जोडताना आधी व्हील ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजले, त्याच्या निम्म्यावर बॉक्स आणला, तिथं खूण केली आणि मग चाकं सरळ ठेवून ड्रॅग लिंक लावली. व्हीलचे दांडे सरळ दिसतात म्हणून बॉक्स मध्यावर आहे असं समजू नका, व्हील कसंही बसवता येतं. शेवटी टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढनं किंचित आत ठेवणं. त्याला लेझर मशीन लागत नाही, टायरवर खडूची रेघ, पुढनं माप, गाडी ढकलून रेघ मागं नेऊन परत माप. पुढचं माप मागच्यापेक्षा ३/६४ ते ३/३२ इंच कमी, म्हणजे सव्वा ते अडीच मिलिमीटरच्या आत. नव्या रेडियल टायरवाल्या गाडीचं माप इथं लावू नका.

(पिरनवाडीवरनं जांबोटीकडं, पाऊस नुकताच थांबलाय)

ट्रायलला रस्ता मामांनीच ठरवला. पिरनवाडी, किणये, जांबोटी, आणि जमलं तर कणकुंबीपर्यंत, म्हणजे सरळ पण आहे, खड्डे पण आहेत आणि वळणं पण. पन्नासला हात सैल सोडले, गाडी सरळ. खड्ड्यात एक चाक गेलं, व्हीलला हिसका आला पण थरथर सुरू झाली नाही. वळणातनं बाहेर पडताना व्हील आपोआप परत येतंय, किंगपिन आणि कॅस्टरचं, म्हणजे किंगपिन मागं झुकवल्याच्या कोनाचं, काम ते, एमबीला ३ अंश कॅस्टर ठेवलेला आहे. अण्णा शेजारी दांडा धरून बसले होते, जांबोटीनंतर त्यांनी दांडा सोडला आणि मोबाइल काढला.

उरलेलं काम दोन. व्हिंटेज म्हणून नोंद करायची तर २०२१ च्या नियमात ५० वर्षांवरच्या गाडीला नवीन व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, फी २०,००० रुपये, पण चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको. त्यामुळं ते उजव्या दांड्यावरचं वेल्डिंग कुणाच्या तरी डोळ्यावर येणारच, आणि अण्णांना ते अजून पटलेलं नाही. दुसरं म्हणजे हॉर्न. नळी सीजेची आली, वायर बॉक्समधनं खाली काढली, पण वर बटणाचा कॉन्टॅक्ट जुन्या व्हीलचा, तो पोचतच नाही. मामा म्हणतात व्हील पण सीजेचं घाला. अण्णा म्हणतात व्हील युद्धाचंच राहणार, जुना बॉक्स पण मला द्या, शोकेसमध्ये ठेवतो. आणि मामांनी त्या जुन्या बॉक्सचं साइड कव्हर आधीच दुसऱ्या गिऱ्हाइकाला लावून टाकलंय.