कुणी कुणाला दाबत नाही

मित्रहो, शाळेत आनुवंशिकतेच्या धड्यात शिकलेलं तीनास एक हे प्रमाण आपल्या लक्षात राहतं, आणि त्याबरोबर एक चुकीचं चित्रही: प्रभावी जनुक (ज्याची एकच प्रत असली तरी गुण दिसतो ते) म्हणजे दांडगं, ते दुसऱ्याला दाबून टाकतं. शिवाय प्रभावी असेल ते सगळीकडे दिसणारच, असंही आपण धरून चालतो. हाताला सहा बोटं असणं हा गुण पुष्कळदा प्रभावी असतो, आणि तरीही बहुतेकांना बोटं पाचच!

आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोच्या मठात ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूने १८५६ पासून सात-आठ वर्षं वाटाण्यावर प्रयोग केले. आईबापांचे गुण संततीत दुधात पाणी मिसळावं तसे मिसळतात, अशी तेव्हा सर्वसाधारण समजूत होती. मेंडेलने गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या वाणांचा संकर केला. सगळे दाणे गोल निघाले. त्यांची झाडं स्वपरागणाने वाढवल्यावर ५,४७४ दाणे गोल आले आणि १,८५० सुरकुतलेले, म्हणजे जवळजवळ तीनास एक. सुरकुती परतली, आणि तीही जराही न निवळता.

बहुतेक पाठ्यपुस्तकं इथेच थांबतात. मेंडेल थांबला नाही, आणि मला त्याचं खरं कौतुक वाटतं ते इथे. या गोल दाण्यांतून त्याने ५६५ झाडं वाढवली. त्यांतल्या १९३ झाडांना फक्त गोल दाणे आले, ३७२ झाडांना दोन्ही प्रकारचे. म्हणजे जवळजवळ एकास दोन. वरून सारखेच दिसणारे दाणे आतून वेगवेगळे होते. प्रत्येक गुणाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. प्रजननपेशी तयार होताना त्या वेगळ्या होतात आणि त्यांतली एकच पुढे जाते, हे त्याने नुसत्या मोजणीवरून ताडलं.

आता तो दाणा जवळून पाहू. स्टार्चला फांद्या फोडणारं एक विकर (एन्झाइम) वाटाण्यात असतं. सुरकुतलेल्या वाणात त्या विकराच्या जनुकात डीएनएच्या सुमारे ८०० अक्षरांचा एक उपरा तुकडा घुसलेला आहे, हे १९९० मध्ये कळलं. विकर निकामी झालं की दाण्यात साखर साठते, ती पाणी ओढते, दाणा फुगतो आणि वाळताना आकसतो. दोनपैकी एक प्रत धड असली तरी काम भागतं, दाणा गोल राहतो. बिघडलेल्या प्रतीला कुणी दाबलेलं नसतं. तिच्याकडून काम होत नाही, इतकंच.

गंमत म्हणजे अशा मिश्र दाण्यातले स्टार्चचे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर ते दोन्ही वाणांच्या मधले दिसतात. डोळ्यांनी पाहिलं तर गोलपणा पूर्ण प्रभावी, भिंगाखाली अर्धवट. म्हणून ‘हे जनुक प्रभावी आहे का?’ असं कुणी विचारलं, तर आधी विचारावं, नेमकं कुठे पाहताय?

रक्तगटात ए आणि बी दोन्ही असले तर दोन्ही दिसतात, ओ मात्र त्यांच्यापुढे दिसत नाही. एका पालकाचा गट ए, दुसऱ्याचा बी, आणि मुलाचा ओ निघाला, तर लगेच संशय घेऊ नका. दोघांकडेही ओची एकेक प्रत असू शकते.