उघडं कपाट की बंद? आधी भिंत बघा

(दृश्य: रिकामी बेडरूम. भिंतीवर पेन्सिलीने आखलेल्या रेघा.)

दहा बाय अकरा फुटांची बेडरूम. ठाण्यातली असो, हिंजवडीतली असो, की नाशिकच्या नव्या सोसायटीतली, बिल्डर बदलला तरी माप फारसं बदलत नाही. एका भिंतीला खिडकी, दुसरीला बाथरूमचं दार, पलंगाची जागा ठरलेली. कपाटाच्या वाट्याला येते सहा-सात फुटांची एक भिंत. तिथे मिस्त्रीकडून जमिनीपासून माळ्यापर्यंत बंद कपाट करून घ्यायचं, की भिंतीवर पट्ट्या ठोकून, ब्रॅकेट अडकवून, हवे तसे कप्पे आणि दांड्या लावता येतील असं उघडं मॉड्युलर उभं करायचं?

याचं उत्तर बहुतेक जण फोनवरच्या फोटोंमध्ये शोधतात. त्या फोटोंमध्ये वीसच शर्ट असतात, तेही दोन रंगांतले. घरात चादरी असतात, रजया असतात, लग्नातले शालू असतात, ऑफिसचे कपडे असतात आणि "बारीक झाल्यावर घालू" म्हणून ठेवलेल्या जीन्सही असतात.

(दृश्य: भिंतीचा क्लोज-अप. पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावलेलं.)

तेव्हा आधी भिंत. दीड-दोन फुटांचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घ्या आणि चारही कडा चिकटपट्टीने भिंतीवर पक्क्या बंद करा. एक-दोन दिवस तसाच राहू द्या. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडून, दव धरलं तर भिंतीतून ओल येते आहे. बाहेरच्या बाजूला धरलं तर ओल खोलीतल्या हवेची. ही तपासणी पावसाळ्यात केलीत तरच खरं उत्तर मिळतं. मार्चमध्ये सगळ्याच भिंती कोरड्या असतात.

दोन भिंतींवर विशेष संशय घ्यायचा. एक, जिच्यावर बाहेरून पावसाचा मारा बसतो ती. कोकणपट्टीत आणि मुंबईत ही बहुधा पश्चिमेची किंवा नैऋत्येची असते. दुसरी, बाथरूमला लागून असलेली. अशा भिंतीला बंद कपाट चिकटवलं की मागच्या सहा मिलिमीटरच्या प्लायला भिंतीची ओल पोचते, आणि दारं बंद असल्याने आत हवा खेळत नाही. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असते. मग सप्टेंबरात काळा कोट हिरवट पांढरा होऊन बाहेर येतो. बुरशी आधी चामड्याच्या पट्ट्यावर आणि बुटांवर दिसते, नंतर लोकरीवर. पट्ट्यावर ठिपके दिसले तर सगळा खण रिकामा करा, नुसता पट्टा पुसून भागत नाही.

ओल येणाऱ्या भिंतीसमोर कपाट करायचंच असेल तर आधी बाहेरून वॉटरप्रूफिंग. त्यानंतर भिंत आणि कपाटाची पाठ यांच्यात किमान एक इंच मोकळी जागा, आणि खाली-वर हवा जायला जाळ्या. पाठीला नुसता रंग मारून ओल थांबत नाही, फक्त वर्षभर उशिरा दिसते.

उघड्या मांडणीला इथे थोडी सूट मिळते. पंखा फिरत असला की कपड्यांना वारा लागतो, बुरशी उशिरा धरते. पण "उघडं आहे, म्हणजे बुरशी लागणारच नाही" हे दुकानदाराचं वाक्य आहे. दमट हवेत आठ-आठ दिवस घर बंद राहिलं तर उघड्यावरच्या चामड्यालाही बुरशी येते.

(दृश्य: ड्रिल भिंतीत जातं आहे. भोकातून पडणारी भुकटी.)

उघड्या मॉड्युलरचा खरा प्रश्न मात्र ओलीचा नसून वजनाचा आहे. बंद कपाट जमिनीवर उभं असतं, उघडं भिंतीला टांगलेलं. आपली भिंत कशाची आहे ते पहिल्या भोकात कळतं. लाल भुकटी पडली तर वीट. ड्रिल अडखळलं, पुढे सरकेना आणि करडी भुकटी पडली तर काँक्रीट. हल्लीच्या मिवान पद्धतीच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून बांधलेल्या टॉवरमध्ये घरातल्या जवळजवळ सगळ्या भिंती अशाच असतात. आणि बिट लोण्यात गेल्यासारखं आत गेलं, पांढरट भुसभुशीत पूड पडली, तर ते हलके ब्लॉक, ज्याला साइटवर सगळे सिपोरेक्स म्हणतात.

सिपोरेक्समध्ये हॅमर बंद ठेवून नुसतं फिरतं ड्रिल वापरायचं. हॅमर चालवला की भोक आतून मोठं होतं. साधा प्लास्टिकचा प्लग त्यात पहिल्या दिवशी घट्ट बसतो आणि काही महिन्यांत फिरायला लागतो. या ब्लॉकसाठी वेगळे, लांब, फुगणारे नायलॉन अँकर मिळतात. तेच घ्यायचे. सेटबरोबर आलेले स्क्रू आणि प्लग बाजूला ठेवा. ते कुठल्या भिंतीसाठी बनवलेत, ते पाकिटावर बहुधा लिहिलेलं नसतं.

थोडा हिशेब करू. हँगर जमेस धरून एक साडी साधारण 700 ग्रॅम. तीन फुटांच्या दांडीवर इंचाला एक या हिशेबाने 36 हँगर. म्हणजे 25 किलो. हे वजन भिंतीपासून फूटभर पुढे लटकतं, त्यामुळे खालचा स्क्रू भिंतीत दाबला जातो आणि वरचा बाहेर ओढला जातो. मांडणी पडते ती नेहमी वरच्या स्क्रूपासून. म्हणून उभ्या पट्ट्या दर दोन फुटांवर हव्यात. सहा फुटांच्या भिंतीला चार. तीन पट्ट्यांत भागवायचा सल्ला मिळतो, पण मग मधल्या पट्टीवर दोन्ही खणांचा भार येतो आणि तिचे अँकर सगळ्यात आधी सैल होतात.

स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक पाडू नका. वायरचा पाइप बहुधा त्याच रेषेत असतो. बाथरूमच्या भिंतीत पाण्याचे पाइप कुठून गेलेत, ते प्लंबरला विचारल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नका.

(दृश्य: फूटपट्टी, हँगर, अर्धं उघडलेलं दार.)

आता खोली, म्हणजे कपाटाची खोली. मोठ्या माणसाचा हँगर 17 ते 18 इंच रुंद असतो, त्यावर शर्टाचे खांदे. म्हणून बंद कपाटाची आतली खोली 22 इंचांच्या खाली गेली की बाह्या दारात अडकतात. बाहेरून 24 इंच हे माप तिथून आलं. त्यात प्लायचाही हिशेब आहे. आठ बाय चारची शीट मधोमध कापली की दोन फुटांच्या दोन पट्ट्या निघतात, वाया काही जात नाही. सरकती दारं हवी असतील तर रुळांसाठी आणखी साडेतीन-चार इंच जातात. बाहेरून 24 धरलं तर आत 20 उरतात, आणि हँगर तिरके लावायची वेळ येते. शिवाय सरकत्या दारात एका वेळी अर्धंच कपाट उघडतं. पलंग आणि कपाट यांच्यात दोन फुटांपेक्षा कमी जागा असेल तरच सरकती दारं घ्यावीत.

उघडी मांडणी 16 इंच खोल असते, म्हणून बेडरूम मोठी वाटते असं सांगतात. घडीच्या कपड्यांना 14 ते 16 इंच पुरतात, हे खरं. पण दांडी भिंतीपासून 12 इंचांवर आणि हँगरची अर्धी रुंदी 9 इंच. कपडे 21 इंचांपर्यंत पुढे येतात. कागदावर वाचलेले इंच बाह्या खाऊन टाकतात.

उंचीत मात्र उघडी मांडणी जिंकते. शर्टाला 40 इंच लागतात, दुमडलेल्या पँटला 30, लांब कुर्त्याला किंवा ड्रेसला 54 ते 60. आज दोन दांड्या एकावर एक लावल्या आणि उद्या मुलाचं सामान वाढलं, तर ब्रॅकेट काढून दुसऱ्या खाचेत बसवायचा, दहा मिनिटांचं काम. मिस्त्रीने खिळवून दिलेली फळी हलवायची म्हणजे करवत आणि धुरळा आला. यावर स्वस्त उपाय आहे. कपाट करतानाच बाजूंना आतून 5 मिलिमीटरची भोकं 32 मिलिमीटर अंतरावर ओळीने पाडून घ्या आणि फळ्या पिनांवर ठेवा. मिस्त्री "कशाला, मजबूत राहणार नाही" म्हणतील. पिन धातूच्या असल्या आणि फळी दोन फुटांची असली तर राहते.

(दृश्य: मध्ये वाकलेली फळी, खाली धरलेली ताणलेली दोरी.)

कारण फळी वाकते ती लांबीमुळे. सारख्याच दाटीने भरलेली फळी दोन फुटांऐवजी तीन फुटांची केली, तर वाक दीडपट होत नाही, पाचपट होतो. 18 मिलिमीटरच्या पार्टिकल बोर्डला दोन फूट ही मर्यादा धरा, चांगल्या प्लायला अडीच फूट. तीन फुटांची फळी टाळता येत नसेल तर पुढच्या कडेला दीड इंच उंचीची लाकडी पट्टी उभी लावून घ्या.

आपल्याकडच्या जुन्या भिंतीतल्या कपाटांना ही अडचण नव्हती. विटांच्या भिंतीत खण सोडायचे आणि कडप्प्याच्या फळ्या बसवायच्या. कडप्पा वाकत नाही, वाळवी लागत नाही, पाण्याने फुगत नाही. पुण्या-मुंबईच्या जुन्या इमारतींत अशी कपाटं अजून उत्तम स्थितीत आहेत. नूतनीकरणात ती फोडायची घाई करू नका. दारं बदला, आत सुती कापड अंथरा, कारण न घासलेली कड रेशमाचे धागे ओढते. नव्या मिवान इमारतीत मात्र भिंतीत खण पाडायचा विचारही करू नका. ती भिंत इमारतीचा भार पेलते.

(दृश्य: प्लायच्या शीटा. कडेवरचा शिक्का.)

बंद कपाट करायचं ठरलं तर भाव समोरून दिसणाऱ्या चौरस फुटांवर सांगितला जातो. सहा बाय सात, म्हणजे 42 चौरस फूट. त्या भावात काय काय धरलंय ते विचारा. बाजू, मधला उभा भाग, वर-खाली, एका खणात पाच फळ्या, दुसऱ्यात एक आणि चार दारं, असं 144 चौरस फूट 18 मिलिमीटर प्लाय लागतं. कापातली तूट धरून पाच शीट, ड्रॉवर वेगळे. बाहेरच्या लॅमिनेटच्या दोन शीट पुरतात, आतल्या पातळ लायनरच्या मात्र आठ लागतात. कोटेशनमध्ये काटछाट होते ती इथेच, कारण आत कोण बघतो. पण दाराला फक्त बाहेरून लॅमिनेट लावलं आणि आतून रंग दिला, तर दोन्ही बाजू ओल सारखी शोषत नाहीत आणि दार बाक धरतं. बाकलेलं सात फुटी दार सरळ होत नाही.

प्लायवर आयएस 303 किंवा आयएस 710 हा शिक्का बघा. 303 मध्येही एमआर (ओलावा सोसणारं) की बीडब्ल्यूआर (उकळतं पाणीही सोसणारं) ते वाचा. किनाऱ्याकडच्या घरात एमआर नको. नागपूर-अकोल्याकडच्या कोरड्या हवेत, आतल्या भिंतीला, एमआरवर पैसे वाचवायला हरकत नाही. तळ जमिनीपासून तीन-चार इंच वर हवा. फरशी पुसतानाचं पाणी पार्टिकल बोर्डाच्या कडेतून आत शिरलं की कड फुगते, आणि ती परत बसत नाही.

दीड फूट रुंद आणि सात फूट उंच दाराचं वजन लॅमिनेटसह साधारण 14 किलो भरतं. तीन बिजागऱ्यांवर ते झुकतं, चार हव्यातच. पावसात दार घासायला लागलं तर रंधा मारायला देऊ नका. बिजागरीवरच्या स्क्रूने दार बाजूला, वर-खाली आणि आत-बाहेर थोडं सरकवता येतं. रंधा मारलेलं दार हिवाळ्यात फट दाखवतं.

(दृश्य: सुती कापडात गुंडाळलेली पैठणी.)

मग काय करावं? भाड्याच्या घरात, दर 11 महिन्यांनी करार बदलत असेल तर मिस्त्रीचं कपाट करूच नका. भोकं पाडायला मालक तयार असतील तर उघडी मांडणी घ्या. तयार नसतील तर जमिनीवर उभी राहणारी घ्या, पण ती वरच्या टोकाला एका तरी एल आकाराच्या पट्टीने भिंतीला बांधलेली हवी, विशेषतः घरात लहान मूल असेल तर. पार्टिकल बोर्डाची जोडून उभी करायची कपाटं घर बदलताना खोलली की स्क्रूची भोकं सैल होतात. दुसऱ्या बदलीनंतर ती डुलतात. जुनी पोलादी कपाटं तीन घरं फिरून आलेली असतात, हे विसरू नये.

स्वतःच्या घरात आमचं मत स्पष्ट आहे. सगळी भिंत उघडी ठेवू नका. रस्त्याकडेच्या, शेजारी बांधकाम चालू असलेल्या घरात उघड्या कपड्यांच्या खांद्यांवर आठवड्यात धुळीची रेघ उमटते, आणि खिडकीतलं ऊन पडत असेल तर तिथेच रंग विटतो. भिंतीचा दोन-तृतीयांश भाग बंद, एक-तृतीयांश उघडा. उघड्यावर रोजचे कपडे, एकदा घातलेले पण धुवायला न टाकलेले, बॅगा. हे कपडे बंद कपाटात गेले की घाम आणि ओल बाकीच्यांना लागते. ते खुर्चीवर साठतात त्याचं कारणही हेच, त्यांना घरात जागाच नसते.

रेशीम मात्र बंदच हवं. पैठणी हँगरवर नको, जरीच्या वजनाने पोत ताणला जातो. मऊ सुती कापडात गुंडाळून आडवी ठेवा, तीन-चार महिन्यांनी घडी बदला, नाहीतर घडीवर जरीचे धागे तुटतात. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. डांबरगोळ्या जरीला टेकू देऊ नका. ओल शोषणारे डबे ठेवलेत तर सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा. त्यात साठणारं पाणी क्षारयुक्त असतं, ते कपड्यांवर सांडलं तर डाग जात नाही.

(दृश्य: पूर्ण झालेलं कपाट, दारं सताड उघडी.)

काम दिवाळीनंतर काढलं तर बरं, हवा कोरडी असते. नव्या बोर्डाचा आणि गोंदाचा उग्र वास जाईपर्यंत, निदान दोन-तीन आठवडे, दारं उघडी ठेवा आणि मगच कपडे लावा. मिस्त्रीचा शेवटचा हप्ता देण्याआधी प्रत्येक ड्रॉवर पूर्ण भरून ओढून बघा, रिकामा ड्रॉवर कुठल्याही चॅनलवर छान चालतो. उरलेला लॅमिनेटचा तुकडा, कडेची पट्टी आणि त्याच मेकच्या दोन बिजागऱ्या मागून घेऊन माळ्यावर ठेवा. चार वर्षांनी तोच रंग बाजारात मिळत नाही.