दोन भाऊ, एकच नाव: अथेन्समधला एक खटला

ग्रीक इतिहास वाचायला घेतला की पहिली ठेच लागते ती नावांचीच. थ्युसिडिडीस म्हटलं की पेलोपोनेशियन युद्धाचा इतिहास लिहिणारा आठवतो. पण अथेन्समध्ये पेरिक्लीस या बड्या नेत्याला नडलेला पुढारीसुद्धा थ्युसिडिडीसच! इतिहासकार ओलोरसचा मुलगा, पुढारी मेलेसियसचा. डिमॉस्थेनिसही दोन. एक सेनापती, इ.स.पू. 413 मध्ये सिसिलीत मारला गेला. प्रसिद्ध वक्ता जन्मला त्यानंतर तीसेक वर्षांनी.

थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव द्यायची रीत होती, त्यामुळे घराण्यात तीच ती नावं फिरायची. ओळख पटायची ती बापाच्या नावावरून आणि गावावरून, म्हणजे 'डीम'वरून. माणूस दुसरीकडे राहायला गेला तरी डीम पिढ्यान्‌पिढ्या तोच, आपल्या 'कर' आडनावांसारखा.

पण बापही एक आणि गावही एक असेल तर?

थोरिकोस डीमचा मँटियस. लग्नाच्या बायकोपासून त्याला मुलगा होता, मँटिथिअस. प्लँगॉन नावाच्या बाईचे दोन मुलगेही 'आम्ही तुझेच' म्हणून उभे राहिले. मँटियसने तिच्याशी गुपचूप सौदा केला: 30 मिना (चांदीच्या नाण्यांतली मोठी रक्कम) देतो, लवादासमोर 'मुलं याचीच' अशी शपथ घ्यायला नकार दे. ऐनवेळी बाईने शपथ घेतली! झक मारत मुलं पदरात घ्यावी लागली. त्यातल्या थोरल्याचं नाव लावलं बीओटस. बाप वारला आणि या बीओटसने डीमच्या नोंदीत स्वतःचं नाव लिहिलं... मँटिथिअस. का, तर थोरला मी, आजोबांचं नाव माझं.

इ.स.पू. 348 च्या सुमारास प्रकरण कोर्टात गेलं. फिर्यादी म्हणजे लग्नाच्या बायकोचा मँटिथिअस. त्याचं भाषण डिमॉस्थेनिसने, म्हणजे वक्त्याने, लिहून दिलं आणि ते आज वाचायला मिळतं. हा फिर्यादी म्हणतो, चिठ्ठी टाकून नेमणूक झाली तर पद कोणाचं? दंड झाला तर भरायचा कोणी? की याच्या नावापुढे 'प्लँगॉनचा' असं आईचं नाव लावायचं?

मला सगळ्यात आवडतो तो लष्करातला किस्सा. लोक युबिया बेटावर टामिनाईच्या मोहिमेवर, आणि हे बीओटसराव सणासाठी घरी. पळपुटेपणाची तक्रार आली. ती दाखल करून घेणारा टॅक्सिआर्क, म्हणजे तुकडीचा अधिकारी, कोण? आपला फिर्यादी मँटिथिअस! स्वतःच्या, बापासकटच्या नावाविरुद्धची तक्रार त्यालाच घ्यावी लागली.

अर्थात आपण ऐकतोय ती एकाच बाजूची कैफियत.

पुढे फिर्यादीच्या आईच्या हुंड्यावरून याच भावांचा आणखी एक दावा झाला. ते भाषण डिमॉस्थेनिसचं नसावं, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. लवादाने बीओटसविरुद्ध निकाल दिला. हा म्हणाला, 'बीओटस कोण? मी तर मँटिथिअस.' निकाल हवेत! शेवटी हुंड्याचा वाद सुरू झाल्यापासून अकराव्या वर्षी फिर्यादीने नवा दावा लावला, आणि प्रतिवादीच्या जागी स्वतःच्या हाताने लिहिलं: मँटिथिअस.