निळ्या पडद्यामागची फाईल

(विमानतळ. पांढरा फळा, मार्करनं लिहिलेली उड्डाणं.)

१९ जुलै २०२४, शुक्रवार. दिल्ली विमानतळावर कुठलं विमान कुठल्या गेटवरून सुटणार, हे फळ्यावर हातानं लिहून सांगितलं जातंय. हैदराबादहून कोलकात्याला निघालेल्या एका प्रवाशाला इंडिगोचा हा बोर्डिंग पास मिळाला. नाव, तारीख, आसन, सगळं पेननं लिहिलेलं. मुंबईतही काउंटरसमोर रांगा लागल्या. इंडिगोची सुमारे २०० उड्डाणं रद्द झाली.

सायबर हल्ला झाल्याचं व्हॉट्सॲपनं दुपारपर्यंत पक्कं करून टाकलं होतं. हल्ला वगैरे काही नव्हता. एक अपडेट आला होता.

(निळा पडदा. रडवेला चेहरा. मशीन पुन्हा सुरू, पुन्हा निळा पडदा.)

क्राउडस्ट्राइक ही अमेरिकी सुरक्षा कंपनी. तिचा फाल्कन हा प्रोग्राम मोठमोठ्या कंपन्यांच्या लॅपटॉपवर आणि सर्व्हरवर पहारा देतो. नव्या धोक्यांची माहिती त्याला दिवसातून अनेकदा छोट्या फाईलींमधून पोचते. त्या सकाळी भारतात ९ वाजून ३९ मिनिटं झाली असताना अशीच एक फाईल निघाली, क्रमांक २९१. ती वाचणाऱ्या कोडकडे २० नोंदी येत होत्या आणि फाईलनं एकविसावी मागितली. कोड ती शोधायला मेमरीत नको तिथे गेला आणि विंडोज निळा पडदा दाखवून कोसळलं. १० वाजून ५७ मिनिटांनी कंपनीनं फाईल मागे घेतली. तोवर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं, ८५ लाख मशीन पडल्या होत्या. जगातल्या एकूण विंडोज मशीनच्या एक टक्काही नाही. पण त्या नेमक्या विमान कंपन्यांच्या, इस्पितळांच्या आणि बँकांच्या होत्या.

(तीन लॅपटॉप शेजारी शेजारी. विंडोज, मॅक, लिनक्स.)

त्या दिवशी या तिघांपैकी फक्त पहिला पडला. फाल्कन तिन्हींवर चालतो, तरीही.

विंडोजमध्ये हा पहारेकरी दारात बसत नाही, थेट माजघरात बसतो. त्या माजघराला कर्नल म्हणतात. तिथं चूक झाली की एक प्रोग्राम बंद पडून भागत नाही, सगळी मशीनच थांबते. ॲपलनं २०१९ पासून सुरक्षा कंपन्यांना कर्नलबाहेर काढायला सुरुवात केली होती. मायक्रोसॉफ्टनं तसं का केलं नाही? तिच्या प्रवक्त्यानं बोट दाखवलं ते २००९ साली युरोपीय आयोगाशी झालेल्या समझोत्याकडे: आम्हाला जेवढी मुभा, तेवढीच इतर कंपन्यांना द्यावी लागते.

लिनक्सवाल्यांनी त्या शुक्रवारी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये याच फाल्कनच्या अपडेटनं डेबियन या लिनक्सच्याच एका प्रकारावर चालणारे काही सर्व्हर पाडले होते. त्याचा गाजावाजा झाला नाही, कारण विमानं अडली नाहीत.

म्हणून 'कुठली ऑपरेटिंग सिस्टीम चांगली' हा वाद आम्ही इथंच सोडतो. आमचा प्रश्न वेगळा आहे. मशीन माझी, मग तिच्यात काय आणि कधी उतरायचं, हे ठरवणार कोण? फाल्कनच्या मुख्य प्रोग्रामची नवी आवृत्ती अडवून धरायची, एक-दोन आवृत्त्या मागे राहायची सोय ग्राहकांना होती. अनेकांनी शहाणपणानं ती वापरलीही होती. या छोट्या फाईलींना मात्र ती सोय लागूच नव्हती. त्या सगळीकडे एकदम उतरल्या.

(सपोर्ट रूम. एक तरुण जुना लॅपटॉप उघडतो.)

त्या दिवशी आयटीवाल्यांच्या खोलीत कॅमेरा लावायला सवड कुणाला होती? म्हणून दुरुस्ती कशी केली, ते आम्ही एका जुन्या लॅपटॉपवर पुन्हा करून घेतलं.

एरवी हे काम जागेवरून न हलता होतं. दुरून मशीन सांभाळणारं इन्ट्यून किंवा कॉन्फिगरेशन मॅनेजर हे सॉफ्टवेअर उघडायचं, हव्या त्या हजार मशीन निवडायच्या, पॅच म्हणजे दुरुस्तीचा तुकडा सोडायचा. पण ही सॉफ्टवेअर मशीनशी बोलतात ती विंडोज सुरू झाल्यावर. इथं विंडोज सुरू होतानाच फाल्कन जागा व्हायचा, फाईल वाचायचा आणि सगळं आडवं. दुरून हात पोचेना. मग उरला एकच मार्ग, प्रत्येक मशीनपाशी चालत जायचं.

आता हात बघा. मशीन सुरू होताना बटण दाबून दोन-तीनदा अर्ध्यावर बंद केली की दुरुस्तीचा मेनू येतो. त्यातून सेफ मोड, म्हणजे गरजेपुरतंच विंडोज सुरू करायचं. पण त्याआधी हा पडदा: बिटलॉकर. डिस्क कुलूपबंद आहे, किल्ली टाका. किल्ली ४८ आकड्यांची, सहा-सहाचे आठ गट. प्रत्येक गटाला ११ नं पूर्ण भाग जातो, म्हणून एखादा आकडा चुकला की पडदा तिथंच अडवतो. आकडे बघून टाकायचे, पुन्हा ताडायचे. आणि किल्ल्या ठेवलेल्या कुठं? अनेक ठिकाणी अशा सर्व्हरवर, जो स्वतःच निळा पडला होता.

ऑस्ट्रेलियातल्या एका हिशेबतपासणी कंपनीत कुणाला तरी आठवलं की दुकानातला बारकोड स्कॅनर कॉम्प्युटरला कीबोर्डसारखाच दिसतो. त्यांनी किल्ल्यांचे बारकोड केले, लॅपटॉपला स्कॅनर जोडला आणि किल्ली एका 'टिट्' आवाजात आत. त्या आठवड्यातली सगळ्यात हुशार युक्ती हीच.

कुलूप उघडलं की पुढचं सोपं. विंडोज, सिस्टीम ३२, ड्रायव्हर्स, क्राउडस्ट्राइक असं एकेक फोल्डर उघडत जायचं. २९१ क्रमांकाची फाईल शोधायची, डिलीट. रीस्टार्ट.

(लॉगिनचा पडदा येतो. तरुण पुढच्या लॅपटॉपकडे वळतो.)

झाली एक. आता दुसरी. घरून काम करणाऱ्यांना हेच फोनवरून सांगायचं. "मॅडम, काळ्या पडद्यावर काय दिसतंय?" मायक्रोसॉफ्टनं शनिवारी पेनड्राइव्हवरून चालणारं दुरुस्तीचं साधन दिलं, तोवर निम्मी रात्र बोटांवरच गेली होती. क्राउडस्ट्राइकनं यात राबलेल्या भागीदार कंपन्यांना काय दिलं? खाण्यापिण्यासाठी दहा डॉलरचं व्हाउचर. काहींना तेही वापरता आलं नाही.

अमेरिकेत एकट्या डेल्टा एअरलाइन्सची सुमारे ७,००० उड्डाणं रद्द झाली, इस्पितळांतल्या शस्त्रक्रिया पुढं गेल्या, आणि क्राउडस्ट्राइक-डेल्टा वाद कोर्टात पोचला.

(सेटिंगचा पडदा. माउस एका पर्यायावर थांबतो.)

क्राउडस्ट्राइक आता या फाईली टप्प्याटप्प्यानं सोडते, आणि त्या आपल्याकडे कधी उतरवायच्या हे ग्राहकाला ठरवता येतं. आधी चार चाचणीच्या मशीन, मग एक विभाग, मग सगळी कंपनी. कुठलाही सिस्टीम ॲडमिन स्वतःच्या पॅचसाठी वर्षानुवर्षं हेच करत आला आहे. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं सुरक्षा कंपन्यांना कर्नलबाहेर नेण्याचं काम चाचणीपर्यंत आणलं. सुरूच न होणारी मशीन नेटवरून दुरुस्त करायची सोयही विंडोज ११ मध्ये आली. निळा पडदा काळा झाला, तोही त्याच वर्षी.