शेजारी किती वीज जाळतात?

(दृश्य: उन्हाळ्याची दुपार. बैठी घरं. दाराच्या मुठीला अडकवलेला कागद.)

कॅलिफोर्नियातलं सॅन मार्कोस. वीसेक वर्षांपूर्वी मानसशास्त्रज्ञ वेस्ली शुल्ट्झ, जेसिका नोलन, रॉबर्ट सियाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या दारांना असे कागद अडकवले. सांगणं एकच: वीज वाचवा, उदाहरणार्थ एसीऐवजी पंखा लावा. कारणं मात्र निरनिराळी.

काहींना सांगितलं, महिन्याला ५४ डॉलर वाचतील. काहींना, २६२ पौंड हरितगृह वायू टळतील. काहींना सामाजिक जबाबदारीची आठवण. आणि काहींना एवढंच, की तुमच्या गावातले ७७ टक्के लोक बऱ्याचदा पंख्यावरच भागवतात.

मीटर तपासले. सगळ्यांत कमी वीज वापरली होती ती या शेवटच्या घरांनी. पैशांचा हिशोब मागे पडला होता.

गंमत अशी, की याच संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या लोकांना विचारलं होतं, तुम्ही वीज का वाचवता? उत्तरं आली: पर्यावरणासाठी, समाजासाठी, पैशांसाठी. शेजारी करतात म्हणून, हे कारण सगळ्यांत शेवटी. चारचौघांकडे बघून आपण वागतो, हे कबूल कोण करणार?

(दृश्य: फिरणारं मीटर.)

पण शेजाऱ्याचा दाखला अंगाशीही येतो. याच गावातल्या २९० घरांचा प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. घराचा वापर आणि वस्तीची सरासरी, दोन्ही कळवले. उधळे खाली आले. काटकसरी मात्र वर चढले! आपणच कशाला जीव मारायचा, असं वाटलं असावं. ज्या काटकसरींच्या कागदावर शाबासकी म्हणून एक हसरा चेहरा काढला होता, ते तेवढे जागचे हलले नाहीत.

पुढे ओपॉवर नावाच्या कंपनीनं अमेरिकेतल्या लाखो घरांना शेजाऱ्यांशी तुलना करणारे अहवाल पाठवले. बचत सरासरी २ टक्के. थोडीच, पण दर न वाढवता, नुसत्या कागदावर झालेली.

(दृश्य: पुण्यातला जिना, पत्रपेटीत महावितरणचं बिल.)

आपल्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर दिसतो, पण आपल्याच घराचा. शंभर युनिट ओलांडले की पुढच्या युनिटांचा दर चढतो, तीनशेनंतर आणखी. म्हणून घरोघरी धाक असतो तो स्लॅबचा. सोसायटीत नवी गाडी कुणी घेतली, कुणाच्या मुलाला किती टक्के पडले, सगळं ठाऊक असतं. समोरच्या दाराआड किती युनिट जळतात, तेवढं विचारायचं राहून गेलेलं असतं.